कवचातला बर्फ: समुद्रतळाच्या गाळावरून ध्रुवांवरच्या बर्फाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: हिमयुगात समुद्र १२० मीटरनं खाली होता, ३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर बर्फ साठायला लागला, असं भूरसायनशास्त्रज्ञ समुद्रतळाच्या गाळातल्या सूक्ष्म कवचांवरून सांगतात. कवच समुद्रात आणि बर्फ ध्रुवावर, मग हा हिशेब जुळतो कसा? प्रयोगशाळेत नेमकं काय करतात आणि आलेल्या आकड्यावर कितपत विसंबायचं?

आधी तत्त्व. निसर्गातल्या ऑक्सिजनपैकी ९९.७६ टक्के ऑक्सिजन-१६ असतो आणि ऑक्सिजन-१८ जेमतेम ०.२ टक्के. हे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार, म्हणजे समस्थानिक. पाण्याची वाफ होते तेव्हा हलका रेणू जरा जास्त सहज निसटतो. पुढे ढग ध्रुवाकडे सरकत जातो तसा जड रेणू पावसाबरोबर आधी गळून पडतो. शेवटी ध्रुवावर जे हिम पडतं ते फार हलकं असतं. सागराच्या पाण्याला शून्य धरलं तर ग्रीनलँडचा बर्फ साधारण उणे ३५ आणि पूर्व अंटार्क्टिकाच्या अंतर्भागातला उणे ५० किंवा त्याहूनही खाली. ही सगळी मापं दर हजारी फरकाची आहेत, त्यांना डेल्टा-१८ म्हणतात. इतकं हलकं पाणी जमिनीवर अडकून पडलं की मागे उरलेला समुद्र तेवढा जड होतो. त्या पाण्यात फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव कॅल्शियम कार्बोनेटचं कवच बांधतात, आणि पाण्याचा जडपणा कवचात उतरतो. आजचा सगळा ध्रुवीय बर्फ वितळला तर समुद्राचं डेल्टा-१८ सुमारे १ नं घटेल. संपूर्ण अंटार्क्टिका आणि ग्रीनलँड मिळून एवढीच खूण, तेव्हा मोजमाप किती बारीक लागतं ते लक्षात येईल.

अडचण अशी की थंड पाण्यात कवच बांधलं तरी ते जड होतं. एका अंशाला ०.२२ ते ०.२५ इतकं. बर्फ वाढतो तेव्हा समुद्रही बहुधा थंड होतो, म्हणजे दोन्ही परिणाम एकाच दिशेनं जातात. वहीच्या एकाच रकान्यात दोघांनी आपापला खर्च मांडावा आणि आपल्या हाती फक्त बेरीज यावी, तसा हा प्रकार आहे.

या बेरजेवरून मोठा वाद झाला. १९५५ मध्ये चेझारे एमिलियानी यांनी गाळाच्या गाभ्यांवरून, म्हणजे समुद्रतळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या दंडांवरून, हिमयुगांचा आलेख काढला. त्यात बर्फाचा वाटा ०.४ च धरून बाकीचं सगळं त्यांनी तापमानाच्या खात्यावर टाकलं. १९६७ मध्ये निकोलस शॅकलटन यांनी तळावर राहणाऱ्या फोरामिनिफेरांकडे बोट दाखवलं. त्यांच्यातही जवळपास तेवढाच चढउतार दिसत होता. खोल समुद्राचं पाणी आजच दोन-तीन अंशांवर आहे, ते आणखी किती थंड होणार? गोठणबिंदू आडवा येतो. म्हणजे बदलाचा मोठा भाग बर्फाचाच. पुढे गाळाच्या कणांमध्ये अडकलेल्या पाण्यावरून याला स्वतंत्र पुरावा मिळाला. हिमयुगातल्या समुद्राचं पाणी गाळात हळूहळू झिरपत गेलेलं असतं, त्याची खूण काही दहा मीटर खोलीवर अजून सापडते. ती सांगते की मागच्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १.० नं जड होता, चूक-भूल ०.१. लिसीकी आणि रेमो यांनी २००५ मध्ये ५७ ठिकाणच्या नोंदी एकत्र करून ५३ लाख वर्षांचा आलेख केला. त्यात हिमयुग आणि आज यांच्यातला फरक सुमारे १.८ आहे. १.० बर्फाचा गेला की ०.८ उरतो, म्हणजे साधारण ३ अंशांची थंडी.

पण गाळातल्या पाण्याची युक्ती फक्त मागच्या हिमयुगापुरती चालते, त्याआधीची खूण विरून जाते. लाखो-कोटी वर्षं मागे जायचं तर त्याच कवचात दुसरा तापमापक लागतो. तो म्हणजे मॅग्नेशियमचं कॅल्शियमशी असलेलं प्रमाण. ऊब वाढली की कवचात मॅग्नेशियम जास्त शिरतं, पृष्ठभागावरच्या जातींत अंशाला सुमारे ९ टक्के. ग्लोबिजेरिनॉइडीस रुबर या पृष्ठभागावरच्या जातीसाठी नेहमी वापरलं जाणारं समीकरण म्हणजे ०.३८ गुणिले 'ई'चा घात ०.०९ गुणिले तापमान, उत्तर मिलिमोल प्रति मोलमध्ये, म्हणजे कॅल्शियमच्या दर हजार अणूंमागे मॅग्नेशियमचे किती. तळावरच्या सिबिसिडॉइडीससाठी ०.८६७ आणि ०.१०९ ही जोडी प्रचलित आहे. मॅग्नेशियमवरून तापमान काढायचं, ते ऑक्सिजनच्या समीकरणात घालायचं, आणि उरेल ते पाण्याचं डेल्टा-१८.

कागदावर सोपं आहे. आता प्रयोगशाळेत या.

गाभ्याचे उभे दोन भाग करतात, एक अर्धा जपून ठेवायचा, दुसऱ्यातून दर २ ते ५ सेंटिमीटरवर १० ते २० घनसेंटिमीटर गाळ काढायचा. तो ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवून माती काढून टाकायची आणि ५० अंशांच्या आत सुकवायचा. पाणी किंचितही आम्ल असेल आणि नमुना दिवसेंदिवस भिजत पडला तर पातळ कवचं झिजतात. माती सुटी करायला कॅल्गनसारखं रसायन घालण्याची सवय काही ठिकाणी असते. ते कॅल्शियमला धरतं, म्हणून मॅग्नेशियम मोजायचं असेल तर टाळलेलं बरं.

मग सूक्ष्मदर्शकाखाली, ओल्या केलेल्या अगदी बारीक ब्रशनं, कवचं वेचायची. इथे घाई करणाऱ्याचं पुढचं सगळं काम वाया जातं. आकार एकच ठेवायचा, सहसा २५० ते ३५५ मायक्रॉन, कारण जीव वाढतो तसं कवचातलं समस्थानिकांचं प्रमाण आणि मॅग्नेशियम दोन्ही बदलतात. जात एकच ठेवायची. सिबिसिडॉइडीस आणि युव्हिजेरिना दोन्ही तळावरच राहतात, पण पहिल्याचं कवच दुसऱ्यापेक्षा ०.६४ नं हलकं येतं. ही दुरुस्ती विसरली तर समुद्रपातळीत ७५ मीटरच्या आसपास खोटा फरक निघतो. रुबरमध्येही पांढरी आणि गुलाबी अशी दोन रूपं असतात. हिंदी आणि प्रशांत महासागरातून गुलाबी रुबर सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी नाहीशी झाली. त्यामुळे अरबी समुद्राच्या गाभ्यात गुलाबी कवच दिसू लागलं की आपण मागच्या हिमयुगाआधीच्या उबदार काळापर्यंत खाली पोचलो, हे यंत्र न लावताच कळतं.

वेचलेली कवचं दोन काचपट्ट्यांमध्ये हलकेच फोडायची, खोल्या उघडल्या पाहिजेत, पण भुकटी होता कामा नये. तुकडे नीट मिसळून दोन वाटे करायचे. लहान वाटा ऑक्सिजनसाठी, मोठा मॅग्नेशियमसाठी. दोन्ही मापं एकाच कवचांच्या तुकड्यांवर झाली पाहिजेत. वेगवेगळी कवचं घेतली तर वेगवेगळ्या ऋतूंची वजाबाकी होते, आणि ती उत्तर म्हणून छापली जाते.

ऑक्सिजनसाठी ३० ते ८० मायक्रोग्रॅम पुरतात. निर्वात नळीत ७० अंशांवर फॉस्फरिक आम्लाचे थेंब सोडायचे, निघालेला कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ४४, ४५ आणि ४६ या वस्तुमानांवर मोजायचा. आम्लाची तीव्रता १०० टक्क्यांच्या वर ठेवतात, म्हणजे त्यात मोकळं पाणी उरत नाही. पाणी राहिलं तर त्याचा ऑक्सिजन वायूतल्या ऑक्सिजनशी अदलाबदल करतो आणि माप सरकतं. जुनं, हवेतली ओल पिऊन बसलेलं आम्ल हे अशा सरकण्याचं नेहमीचं कारण आहे. प्रत्येक फेरीत तपासणीसाठी मूल्य आधीच ठरलेला संगमरवराचा नमुना ठेवायचा. एनबीएस-१९ साठी ठरलेलं मूल्य उणे २.२० आहे, तो साठा संपल्यावर आयएईए-६०३ आला, त्याचं उणे २.३७. एकच नमुना पुन्हा पुन्हा मोजला तर नीट चाललेल्या यंत्रावर फरक ०.०६ ते ०.०८ च्या आत राहतो. तेवढ्याचेच समुद्रपातळीत आठ-दहा मीटर होतात, कारण १२० मीटरला १.० म्हणजे मीटरला ०.००८ च पडतात.

मॅग्नेशियमचा वाटा सुमारे ३०० ते ४०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे २०-३० कवचं. यात खरी मेहनत धुण्याची. मातीत मॅग्नेशियम भरपूर असतं आणि कवचात नाममात्र, त्यामुळे चिमूटभर माती राहिली तरी तापमान दोन-तीन अंशांनी चढतं. पद्धत अशी: अतिशुद्ध पाणी घालून काही सेकंद अल्ट्रासॉनिक कंपनं द्यायची, तुकडे तळाशी बसायच्या आत वरचं गढूळ पाणी खेचून टाकायचं, असं चार-पाच वेळा. मग मेथॅनॉलनं दोनदा, कारण त्याचा चिकटपणा कमी असल्यानं चिकटलेली माती सुटते. मग पुन्हा पाणी. त्यानंतर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये केलेलं १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइड घालून उकळत्या पाण्याच्या बाथमध्ये १० मिनिटं. यानं सेंद्रिय पदार्थ जातात. मधूनमधून नळी टिचकीनं हलवायची, नाहीतर बुडबुडे तुकड्यांना वर उचलून धरतात आणि ते कोरडेच राहतात. मग ०.००१ मोलर नायट्रिक आम्लानं अर्धं मिनिट धुणं, आणि शेवटी ०.०७५ मोलरमध्ये विरघळवणं.

ही आम्लाची धुणी लांबवण्याचा मोह होतो. तो आवरा. कवच सर्वत्र सारखं नसतं, मॅग्नेशियम जास्त असलेले थर आधी विरघळतात, आणि स्वच्छतेच्या नादात तापमान खाली येतं. मँगनीजचा थर काढायला हायड्रॅझिन वापरतात तेव्हाही मॅग्नेशियम १० टक्क्यांपर्यंत घटू शकतं. अंशाला ९ टक्के हे प्रमाण आठवा, म्हणजे धुण्याची पद्धत बदलली की एक अंश गेला. एका आलेखात दोन पद्धतींची मापं मिसळू नयेत, हे त्यासाठीच.

मोजताना ॲल्युमिनियम, लोह आणि मँगनीजही सोबत मोजायचे. ॲल्युमिनियम वाढलं की माती राहिली, मँगनीज वाढलं की वरून थर बसला. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम एकमेकांसमोर मांडून पाहावं. ठिपके चढत्या रेषेत उभे राहिले तर आपण तापमान मोजत नसून चिखल मोजतो आहोत. द्रावणातल्या कॅल्शियमचं प्रमाण बदललं तरी यंत्राचं उत्तर सरकतं, म्हणून सगळे नमुने आधी एकाच कॅल्शियम पातळीवर पातळ करून घेतात. तपासणीला ईसीआरएम ७५२-१ हा चुनखडीचा नमुना वापरतात, त्याचं उत्तर ३.७५ यायला हवं.

आता चुकीचा हिशेब. तळाच्या कवचात १.२ मिलिमोल प्रति मोल आलं तर तापमान ३.० अंश. १.३ आलं तर ३.७. म्हणजे ०.१ च्या चुकीला ०.७ अंश, त्याचे ऑक्सिजनमध्ये ०.१६, आणि त्याचे समुद्रपातळीत जवळपास २० मीटर. यंत्राची चूक यापेक्षा कमी असते, पण समीकरणाची बहुधा नसते. म्हणून एका ठिपक्यावरून समुद्रपातळी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पाच-सात शेजारी ठिपके, शक्यतो दोन गाभे, मग बोलावं. एक साधी पण महागडी चूक इथेच होते: पाण्याचं माप एका मोजपट्टीवर आणि कार्बोनेटचं दुसऱ्या मोजपट्टीवर देतात. समीकरणात ०.२७ ची वजाबाकी राहून गेली की ३० मीटरहून जास्त समुद्र हवेत उभा राहतो.

इतकं सगळं बिनचूक करूनही उत्तर चुकू शकतं, आणि ३.४ कोटी वर्षांपूर्वीचं प्रकरण याचंच आहे. इओसीन हा भूशास्त्रीय कालखंड संपून ऑलिगोसीन सुरू होताना तळाच्या कवचांचं डेल्टा-१८ सुमारे १.५ नं चढलं. प्रशांत महासागराच्या तळात खणलेल्या १२१८ क्रमांकाच्या विवराच्या २००५ मध्ये आलेल्या नोंदीत हा चढ दोन पायऱ्यांत, मध्ये सुमारे दोन लाख वर्षांचा टप्पा ठेवून दिसतो. हा सगळा चढ बर्फाचा मानला तर आजच्या सगळ्या बर्फाच्या दीडपट बर्फ लागतो. तो अंटार्क्टिकावर मावत नाही. मग उत्तर गोलार्धातही तेव्हाच मोठा बर्फ होता का, की समुद्रही थंड झाला?

साहजिकच मॅग्नेशियम मोजलं गेलं. थंडी दिसेना. या विवरात तर उलट किंचित ऊब दिसली. मोजमापात खोट नव्हती. त्याच काळात प्रशांत महासागरात कार्बोनेट जिथे पूर्ण विरघळून जातं ती खोली एक किलोमीटरहून जास्त खाली गेली होती. म्हणजे तळाच्या पाण्यात कार्बोनेट आयन अचानक वाढले. अशा पाण्यात, विशेषतः ३ अंशांखाली आणि विरघळण्याच्या सीमेजवळ, कवच तापमान न बदलताही जास्त मॅग्नेशियम घेतं. थंडीनं घटायला हवं तेवढं या परिणामानं भरून काढलं आणि तापमापकाची सुई जागेवरच राहिली.

सुटका झाली ती टांझानियाच्या किनाऱ्यालगतच्या गाळानं. तो उथळ जागेचा, विरघळण्याच्या सीमेपासून दूर. शिवाय चिकणमाती इतकी घट्ट की आतून पाणी फिरलं नाही, कवचं काचेसारखी पारदर्शक राहिली. २००८ मध्ये त्यांच्यावरून सुमारे २.५ अंशांची थंडी निघाली. २.५ अंशांचे ०.५५ वजा केले की १.५ पैकी ०.९ ते १.० उरतात, म्हणजे आजच्या अंटार्क्टिकाच्या जवळपास बर्फ. उत्तर गोलार्धात मोठा बर्फ शोधण्याची गरज उरत नाही. मात्र ही थंडी उष्ण कटिबंधातल्या पृष्ठभागाची आहे, खोल समुद्राची नव्हे. शिवाय तेव्हाचा बर्फ आजच्याइतका हलका नसावा, आणि बर्फ कमी हलका तर तेवढ्याच ऑक्सिजनच्या फरकाला जास्त बर्फ लागतो. हा आकडा घेताना या दोन अटी सोबत घ्याव्या लागतात.

कवचाच्या काचेसारखेपणाबद्दल थोडं, कारण आलेखावर ते दिसत नाही. गाळात पुरल्यावर कवचावर आणि कवचात नवं कॅल्साइट चढतं. ते तळाच्या थंड पाण्यात बनतं. पृष्ठभागावर ३० अंशांत वाढलेलं कवच मग कितीतरी थंड तापमान सांगतं. एकेकाळी इओसीनमधले उष्ण कटिबंध आजच्यापेक्षाही थंड होते असं निघत होतं, त्यामागे बऱ्याच अंशी हेच होतं. सूक्ष्मदर्शकाखाली अशी कवचं साखरेच्या दाण्यांसारखी पांढुरकी दिसतात. शंका आली तर दोन-चार कवचं फोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली भिंत पाहावी, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

फार मागे जाताना समुद्राचंच मॅग्नेशियम बदलतं. आज त्याचं कॅल्शियमशी प्रमाण ५.२ आहे, इओसीनमध्ये २ च्या आसपास होतं. तिथे आजचं समीकरण जसंच्या तसं लावणं म्हणजे जुन्या पैशांत आजचा भाव मोजणं. दिलासा इतकाच की मॅग्नेशियम समुद्रात सुमारे १.३ कोटी वर्षं टिकतं, म्हणून काही लाख वर्षांतला चढउतार भरवशाचा असतो, निरपेक्ष अंश तेवढे नसतात.

कालमापनाचे घोटाळे वेगळेच. तळावरचे किडे वरचा ५ ते १० सेंटिमीटर गाळ सतत ढवळतात. हजार वर्षांत २ सेंटिमीटर गाळ साचत असेल तर १० सेंटिमीटर म्हणजे ५,००० वर्षांची खिचडी. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,२०० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू फार कमी असल्यानं हे ढवळणं कमी होतं, पावसाळी वाऱ्यांच्या अभ्यासाला तिथले गाभे म्हणूनच आवडतात. पण आपल्याच किनाऱ्यासमोर दुसरा सापळा आहे. २०१५ मध्ये अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात समुद्रतळ खणणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहीम ३५५ नं विवरं घेतली, तेव्हा शेकडो मीटर जाडीचा घसरून आलेला ढिगारा लागला. भारताच्या किनारी उतारावरून कोसळलेल्या त्या प्रचंड दरडीला नटराज हे नाव दिलं गेलं. अशा थरात उथळ पाण्यातली जुनी कवचं खोल जागी येऊन पडतात आणि यंत्र त्यांना इमानेइतबारे मोजतं. म्हणून मोजण्याआधी गाभ्याचं छायाचित्र आणि चुंबकीय नोंद बघायची. ७,७३,००० वर्षांपूर्वी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटले त्याची खूण आपल्या जागी आहे का, जाती क्रमानं येतात का, हे आधी.

पडताळ्याचे स्वतंत्र मार्ग आता वाढलेत. कार्बोनेटमध्ये दोन जड समस्थानिक एकाच रेणूत किती वेळा जोडीनं सापडतात यावरून तापमान निघतं आणि त्याला पाण्याचं डेल्टा-१८ लागतच नाही. अडचण वजनाची, मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅम लागतात, आणि एक-दोन अंशांचा नेमकेपणा गाठायला बऱ्याच पुनरावृत्त्या. दुसरा मार्ग खुद्द बर्फातला. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांत क्रिप्टॉन आणि झेनॉन यांचं नायट्रोजनशी प्रमाण मोजतात. थंड समुद्र हे वायू जास्त गिळतो, हवेत ते कमी उरतात. या मार्गानं २०१८ मध्ये हिमयुग ते आज असा सगळ्या समुद्राचा सरासरी फरक २.५७ अंश निघाला, वर काढलेल्या ३ अंशांच्या जवळचाच. पण एका सलग बर्फगाभ्याची मजल बरीच वर्षं ८ लाख वर्षांवर थांबली होती. २०२५ च्या जानेवारीत युरोपीय गटानं २,८०० मीटर खणून निदान १२ लाख वर्षांपर्यंतचा बर्फ वर काढला. कोटी वर्षांसाठी कवचांना पर्याय नाही.

आणि कवच एक गोष्ट कधीच सांगत नाही, बर्फ नेमका कुठला गेला. सगळे समुद्र एकमेकांत मिसळतात, त्यामुळे ग्रीनलँड वितळला की पश्चिम अंटार्क्टिका हे ऑक्सिजनला माहीत नसतं. त्यासाठी कार्बोनेट बाजूला ठेवून मातीकडे वळावं लागतं. हिमनदी खडक खरवडून समुद्रात टाकते, आणि प्रत्येक खडकाच्या नियोडिमियम समस्थानिकांची धाटणी वेगळी. पूर्व अंटार्क्टिकासमोरच्या यू१३६१ विवरात प्लायोसीन या कालखंडाच्या (साधारण ५३ ते २६ लाख वर्षांपूर्वी) उबदार टप्प्यांत अशी माती सापडली, जिचा खडक आज विल्क्स खोऱ्याच्या आत, बर्फाखाली आहे. बर्फाची कड मागे सरकून त्या खोऱ्यात शिरल्याशिवाय ती माती समुद्रात येऊ शकत नाही. ही मापं करताना आधी कार्बोनेट आणि वरचे लोह-मँगनीजचे थर पूर्ण काढावे लागतात, नाहीतर खडकाऐवजी समुद्राच्या पाण्याचं नियोडिमियम मोजलं जातं.